जुनी टॅकोमा व्ही६ घेतली, अॅव्हरेजचं खरं काय ते सांगतो

डॅलसला घर घेतल्यापासून माती, लाकडं, फर्निचर आणायला दरवेळी कोणाची तरी गाडी मागायची लाज वाटायला लागली म्हणून शेवटी 2017 ची टोयोटा टॅकोमा पिकअप ट्रक घेतली, 3.5 लिटर सहा सिलेंडर, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. विकणारा छातीठोकपणे म्हणाला गॅलनला 24 मैल सहज देते. अरे बाबा, सरकारी आकडाच शहर-हायवे एकत्रित 20 चा आहे, तू 24 कुठून काढलास!

मी आपलं गावाकडच्या सवयीने टाकी फुल टू फुल करून बघितलं. 301 मैल, 16.9 गॅलन, म्हणजे 17.8. आपल्या भाषेत लिटरला साडेसात किलोमीटर 😅 बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ट्रक घेतलास की टँकर?

पण आधीच्या मालकाने मोठे जाडजूड ऑफरोड टायर टाकलेत, त्यात मी हायवेला 75 ने हाणतो. मोठ्या टायरने मैलसुद्धा थोडे कमीच मोजले जातात, म्हणजे खरं अॅव्हरेज जरा बरं असणार. पुढच्या टाकीला 65 ने चालवली तर 19.6 आलं. मागे एसीचं जुनं युनिट टाकून नेलं, गाडीला पत्ताच नाही. रोज ऑफिसला न्यायला मात्र आमची जुनी सेडानच बरी.