सेल्फ आणि डायनॅमो तपासायला डीसी क्लॅम्प मीटर : काही महिने वापरल्यानंतर

गाडीसाठी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा मीटर) घेताना तो डीसी अँपिअर मोजतो का, हे आधी बघा. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प घरच्या वायरिंगसाठी असतात. ते फक्त एसी करंट दाखवतात, बॅटरीच्या वायरीवर त्यांचा काही उपयोग नाही. मी पावसाळ्याआधी डीसीवाला घेतला, तेव्हापासून तो आमच्या जुन्या डिझेल गाडीवर चालू आहे.

त्याची खरी किंमत कळली ती सेल्फच्या वेळी. इंजिन सकाळी जड फिरायचं आणि गॅरेजमध्ये सेल्फ उतरवायचं ठरत होतं. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना ती 11 च्या खालीही येत नव्हती आणि क्लॅम्पवर करंट कमीच दिसत होता. जाम झालेला सेल्फ उलट करंट जास्त ओढतो आणि बॅटरीला खाली खेचतो. म्हणजे अडथळा वाटेत कुठेतरी होता. मीटर व्होल्टवर लावून एक प्रोब (वायरीचं टोकदार टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरा इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला लावला, तर एका व्होल्टाहून जास्त! इथे 0.2 च्या वर जायला नको. शंभर अँपिअर वाहताना 0.01 ओहमसुद्धा पूर्ण एक व्होल्ट खातो. ओहमच्या रेंजवर मात्र तीच वायर ठणठणीत दिसते. बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) गंजलं होतं. घासून, आवळून बसवलं आणि सेल्फ न खोलताच काम झालं.

डायनॅमोचं सोपं आहे. चालू इंजिनवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही फार उतरायला नकोत. बॅटरीवरच एसी व्होल्ट बघा. अर्ध्या व्होल्टाच्या वर असतील तर डायनॅमोतल्या डायोडचा (एसीचं डीसी करणारा भाग) संशय घ्या. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो. तिथे कमी आकडा दिसला म्हणून लगेच डायनॅमो बदलू नका.

तक्रारीही आहेत. झीरो सरकतो, म्हणून प्रत्येक मोजणीआधी झीरोचं बटण दाबावं लागतं. बंद गाडीतला 50 मिलिअँपिअरचा गळका करंट या क्लॅम्पवर भरवशाने दिसत नाही. त्यासाठी साधा मल्टीमीटर सिरीजमध्ये (बॅटरीची वायर काढून मधे) लावायचा, आणि तो लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. सोबत आलेल्या प्रोबच्या वायरी अगदीच आखूड. लांब सिलिकॉन वायरी आणि मगरक्लिपा वेगळ्या घ्या, म्हणजे मीटर काचेवर ठेवून एकट्यालाही अर्थिंग तपासता येतं.