फायबर घ्यावं की एअरफायबर?

२०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही एअरफायबर, म्हणजे घरचं बिनतारी इंटरनेट, आणलं आणि घरोघरी हा प्रश्न सुरू झाला. नावात फायबर असलं तरी शेवटचा टप्पा ५जीच्या किंवा तत्सम रेडिओ लहरींवरूनच येतो, हे आधी लक्षात घ्या. दारापर्यंत फायबरची खरी, काचेची तार आली असेल, तर मी डोळे मिटून तीच घेईन.

कारण तारेला पुढचं आयुष्य आहे. आज बहुतेक ठिकाणी जीपॉन हे तंत्र चालतं: एका तारेवरचे सेकंदाला अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. उद्या त्याची पुढची पिढी, एक्सजीएस-पॉन, आली की फक्त दोन्ही टोकांची यंत्रं बदलायची. जाता-येता १० गिगाबिट, जमिनीतली काच तीच. वैरी एकच, जेसीबी. रस्ता खणला की अख्खी गल्ली गप्प!

भाड्याचं घर असेल, सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नसेल किंवा गावात तार पोहोचलीच नसेल, तर एअरफायबर बरं. गच्चीवर डबा लावला की झालं. मात्र टॉवरची क्षमता आसपासच्या मोबाइलवाल्यांसोबत वाटून घ्यावी लागते, रात्री नऊनंतर ते जाणवू शकतं. ५जीच्या २६ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात वेग भरपूर, पण भिंत, झाड आणि कोकणातला पाऊस त्याला नडतात. ५जीच्याच साडेतीन गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला पावसाचं फारसं काही वाटत नाही.

आणि गंमत अशी, की त्या टॉवरला भरपूर वेग द्यायचा तर त्याच्याही पायाशी फायबरच न्यावं लागतं.