खांदेदुखीसाठी दाहशामक जेल घ्यावे की गोळी?

डायक्लोफेनॅक या दाहशामक औषधाचे जेल आणि त्याचीच गोळी यांत औषध एकच असते. फरक असतो तो ते दुखऱ्या जागी कोणत्या वाटेने पोहोचते याचा. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात जाते, तर जेल त्वचेतून खालच्या स्नायूंत झिरपते आणि रक्तात त्याचा अल्प अंशच उतरतो. एका गुडघ्यावर दिवसातून चार वेळा प्रत्येकी ४ ग्रॅम जेल लावले, तरी रक्तात पोहोचणारे औषध गोळ्यांच्या नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्केच असते, असे मोजमापांत आढळले आहे. जेलचे फायदे आणि त्याची मुख्य मर्यादा या दोन्ही गोष्टी येथूनच निघतात, आणि खांद्याच्या बाबतीत ती मर्यादा गुडघ्यापेक्षा अधिक जाणवते.

बोटांचे किंवा गुडघ्याचे सांधे त्वचेच्या जवळ असतात. खांद्याचा मुख्य सांधा मात्र डेल्टॉइड या जाड स्नायूच्या आणि त्याखालच्या ‘रोटेटर कफ’ नावाच्या चार स्नायूंच्या आड खोल दडलेला असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली डायक्लोफेनॅक जेलला मान्यता दिली ती हात आणि गुडघा यांसारख्या वरवरच्या सांध्यांच्या झिजेसाठी. पाठीचा कणा, खुबा आणि खांदा यांवर त्याची पारख झालेली नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. यावरून जेल खांद्याला निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल, कारण खांद्यातली प्रत्येक वेदना खोल सांध्यातून येत नाही. कॉलर बोन जिथे खांद्याच्या टोकाला मिळते तो छोटा सांधा त्वचेच्या अगदी खाली असतो. बायसेप्सचा लांब स्नायुबंध खांद्याच्या पुढच्या बाजूला बोटाने चाचपता येतो. ओझे उचलताना लचकलेला मान-खांद्याचा स्नायूही फार खोल नसतो. एका बोटाने दाबून ‘इथेच दुखते’ असे दाखवता येत असेल, तर माझ्या मते जेलला पहिली संधी द्यावी. दुखणे नेमके कुठे आहे हे सांगता येत नसेल आणि हात वर नेताना आत खोलवर कळ येत असेल, तर जेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुखणे किती जुने आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. वैद्यकीय पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ साली ताज्या दुखापतींवरील चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत डायक्लोफेनॅकचे जेल लावणाऱ्या दहांपैकी जवळजवळ आठ जणांना सुमारे आठवड्याभरात चांगला आराम पडला होता, तर औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण दहांत दोन होते. जुनाट सांधेझिजेवरच्या २०१६ च्या आढाव्यात हेच अंतर दहांत सहा विरुद्ध दहांत पाच इतके कमी झाले. या दोन्ही आढाव्यांतील बहुतेक रुग्ण मुरगळलेल्या घोट्याचे, लचकलेल्या स्नायूंचे किंवा झिजलेल्या गुडघ्याचे होते, त्यामुळे हे आकडे खांद्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ताज्या आणि वरवरच्या दुखण्यात जेलचा उपयोग अधिक होतो, ही दिशा त्यांतून स्पष्ट दिसते.

गोळी खोलवर पोहोचते आणि रात्रीची झोप मोडणाऱ्या दुखण्यात तिचा आराम लवकर जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. पण तिची किंमत खांद्याखेरीज इतर अवयवांना मोजावी लागते. जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांना डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नये, असा निर्णय युरोपीय औषध संस्थेने २०१३ सालीच दिला होता. आपल्याकडे अनेक ज्येष्ठांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध यांची एकत्रित गोळी चालू असते. तिच्या जोडीला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आली की मूत्रपिंडाचे काम अचानक मंदावण्याचा धोका असतो. सोबत पॅन्टोप्राझोल घेतले म्हणजे गोळी निर्धोक झाली, ही समजूत मला विशेष काळजीची वाटते, कारण ते औषध जठराचे रक्षण करते, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे नाही. पावसाळ्यात तापासोबत अंग आणि खांदे दुखत असतील, तर डेंग्यूची शक्यता वगळली जाईपर्यंत डायक्लोफेनॅकसारखी दाहशामक गोळी घेऊच नये.

म्हणून साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, पूर्वी अल्सर झालेल्या किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या व्यक्तीसाठी जेलचा आराम थोडा कमी असला तरी ते पहिले निवडणे मला योग्य वाटते. ज्यांना असा कोणताही आजार नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवसांपुरती गोळी घेण्यास हरकत नाही. दोन्ही एकाच वेळी वापरण्यात मात्र शहाणपण नाही: रक्तस्राव आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी त्याने वाढू शकतात.

जेलचा गुण येत नाही, असे म्हणणाऱ्या अनेकांनी ते पुरेसे लावलेलेच नसते. खांद्यासारख्या रुंद भागाला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, म्हणजे सुपारीपासून अक्रोडाएवढा गोळा, आणि तोही दिवसातून तीन-चार वेळा लागतो. या हिशोबाने ३० ग्रॅमची ट्यूब दोन ते पाच दिवसांत संपायला हवी; तीच ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर त्या जेलची खरी परीक्षा झालेलीच नाही. जेल लावल्यावर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, घट्ट पट्टी बांधू नये आणि तासभर ती जागा धुऊ नये. खरेदी करताना घटक वाचावेत. बाजारातल्या अनेक जेलांत डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असते, तर पारंपरिक बामांत बहुधा डायक्लोफेनॅक नसतेच. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कीटोप्रोफेन या दुसऱ्या दाहशामक औषधाचे जेल लावलेल्या त्वचेवर ऊन पडले तर पुरळ उठू शकते, म्हणून वापर थांबवल्यानंतरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते. ॲस्पिरिनसारख्या औषधांनी ज्यांचा दमा उफाळतो त्यांनी, तसेच गर्भवतींनी, स्वतःच्या निर्णयाने जेलही वापरू नये.

एका दुखण्यात मात्र ही तुलनाच अपुरी पडते. खांदा महिन्यागणिक आखडत जाऊन मागे हात नेणे, केस विंचरणे, ब्लाउजची बटणे लावणे अवघड होत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता असते आणि मधुमेहींत तो बराच जास्त आढळतो. त्यात सांध्याभोवतीचे आवरणच जाड आणि ताठ झालेले असल्याने जेलने ते सैल होत नाही, आणि गोळीने दुखणे तात्पुरते कमी झाले तरी ताठरपणा तसाच राहतो. तिथे सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि नंतरची फिजिओथेरपी हाच विचार आधी व्हावा; मधुमेहींची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, तेव्हा ती तपासत राहावी. रोटेटर कफच्या दुखण्यातही इंजेक्शनचा फायदा अल्पकाळचा असतो. ब्रिटनमधील ७०८ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांना आठ आठवड्यांपर्यंत थोडा अधिक आराम होता, पण वर्षभराअखेर फरक उरला नाही.

डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, छातीत दाब किंवा धाप असेल, पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, किंवा तापासह खांदा लाल आणि गरम झाला असेल, तर जेल आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. अशी लक्षणे नसतील, तर पुरेशा मात्रेत लावलेल्या जेलला एक आठवडा द्यावा. आराम पडत असेल तर ते तीन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे, आणि पडत नसेल तर नवी ट्यूब किंवा तीव्र गोळी मागण्याऐवजी खांदा तपासून घ्यावा.