गरोदरपणात घेतलेला एअर प्युरिफायर: चार महिन्यांचा अनुभव

मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी सांगलीला आली तेव्हा ऊसतोड ऐन भरात होती, आणि शिवारात पेटवलेल्या पाचटाची काजळी आमच्या गच्चीवर, बाळासाठी धुऊन वाळत घातलेल्या जुन्या लुगड्यांवर, रोज येऊन पडत होती. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसांतून रक्तात उतरू शकतात. २०१९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांना वारेच्या गर्भाकडील बाजूसही काजळीचे कण आढळले होते. मुदतपूर्व प्रसूती आणि अडीच किलोंपेक्षा कमी जन्मवजन यांच्याशी अशा हवेचा संबंध दिसून आल्यामुळे आम्ही १२,५०० रुपयांचे हे यंत्र घेतले.

ताशी २५० घनमीटर हवा गाळणारे हे यंत्र आमच्या बारा बाय बाराच्या खोलीला पुरते. दारे-खिडक्या बंद असल्यास अर्ध्या तासात यंत्रावर दिसणारा हवेतील बारीक कणांचा आकडा शंभरावरून विसाच्या आत येतो. दार उघडे राहिले की मेहनत वाया.

मला यंत्राची खरी किंमत कळली ती त्याच्या आकड्यामुळे. डासांची कॉइल लावली की तो रस्त्यावरच्या धुरापेक्षाही वर जाई, म्हणून दुसऱ्याच दिवशी मच्छरदाणी आणली. पुढे बाळाला न्हाऊ घातल्यावर सासूबाईंनी निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली, तेव्हा दिवा लाल झाला, आकडा ९९९ वर अडकला आणि पंखा घोंगावू लागला. “तुझ्या यंत्राला धुरी सोसत नाही गं,” असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी पेटवली नाही.

दुकानातील विक्रेत्याने ‘सगळे विषारी वायू खेचून घेतो’ असे सांगितले होते, ते चूक आहे. यंत्रातली बारीक गाळणी, म्हणजे हेपा फिल्टर, कण अडवतो; बाजेखालच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्यात अडकत नाही. वर्षभर टिकणार म्हटलेला फिल्टर चौथ्या महिन्यातच बदलावा लागला आणि नवा यायला अठरा दिवस लागले.

नात २ किलो ९०० ग्रॅमची झाली, याचे श्रेय मी यंत्राला देणार नाही. मंगोलियाची राजधानी उलानबाटरमध्ये गरोदर स्त्रियांच्या घरी अशी यंत्रे ठेवून केलेल्या चाचणीत पूर्ण दिवसांच्या बाळांचे वजन सरासरी ८५ ग्रॅमने जास्त भरले, मात्र सर्व बाळांचा एकत्र हिशेब केल्यावर ठाम फरक दिसला नाही. झोपण्याच्या एका खोलीपुरते यंत्र घ्यायला हरकत नाही. फक्त फिल्टरची किंमत आणि तो सांगलीत मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.