पाइक्सव्हिल राय : आठ महिने, पंचवीस पेग

गेल्या सप्टेंबरात पाइक्सव्हिल स्ट्रेट राय व्हिस्कीची 750 मिलीची बाटली उघडली, ती या आठवड्यात संपली. 30 मिलीचा पेग धरला तर 25 पेग. महिन्याला तीन, फार तर चार. इतक्या सावकाश प्यायल्यामुळेच या व्हिस्कीबद्दल काही सांगता येईल असं वाटतं, कारण पहिल्या दोन पेगांनंतर लिहिलं असतं तर सगळं चुकीचं लिहिलं असतं.

आधी नावाचा घोळ मिटवतो. राय म्हणजे आपली राई, म्हणजे मोहरी, नव्हे. गहू-बार्लीच्या भाऊबंदांतलं, थंड मुलखात येणारं धान्य आहे ते. मी मेरीलँडमध्ये राहतो. पाइक्सव्हिल हे गाव इथेच, बाल्टिमोरला लागून. ओळखीचं नाव दिसलं म्हणून बाटली उचलली होती, पण मागचं लेबल वाचलं तर आतला माल केंटकीचा. हा ब्रँड 1895 साली मेरीलँडमध्ये सुरू झाला. 1920 ते 1933 च्या दारूबंदीनंतर इथल्या भट्ट्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत आणि पाइक्सव्हिल मेरीलँडमध्ये शेवटची गाळली गेली 1972 साली. आता केंटकीची हेवन हिल कंपनी ती बनवते. नाव टिकलं, गाव सुटलं. याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण नाव टिकलं नसतं तर मी या इतिहासाच्या वाटेला गेलोच नसतो.

बाटलीवर 110 प्रूफ लिहिलेलं आहे, म्हणजे 55 टक्के अल्कोहोल. पहिल्या दिवशी मी पाणी न घालता घोट घेतला. जीभ चरचरली, नाकात झिणझिण्या आल्या आणि लवंग चावल्यासारखी तोंडभर बधिरता. दुसऱ्या वेळी बर्फ टाकला, तर वास पार मेला आणि मागे उरला नुसता लाकडाचा कडवटपणा. साधारण 50 डॉलर वाया गेले असंच वाटलं आणि बाटली महिनाभर कपाटात राहिली.

सूत जुळलं ते पाण्याच्या चमच्यामुळे. 30 मिलीत चहाचा अर्धा चमचा पाणी घातलं की ही व्हिस्की 51 टक्क्यांच्या आसपास येते आणि पूर्ण चमचा, म्हणजे 5 मिली घातलं की 47. मला पूर्ण चमचा मानवतो. मात्र पाणी घातल्यावर लगेच तोंडाला लावायची नाही. खाली फुगीर आणि वर निमुळता असा लहान ग्लास घ्यायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. आधी येते काकवी. मग जायफळ, पुरण शिजताना शेवटी किसून घालतो त्या वेळचं, ओलसर उबेतलं. त्यामागून संत्र्याची साल आणि भाजलेलं धान्य. घोटात सुरुवात गोड आहे, मधे सुंठ आणि दालचिनी चढते आणि गिळल्यावर घशात रेंगाळते ती बडीशेपेसारखी थंडगार चव. माझ्या घड्याळाने ती दीड मिनिट टिकते.

ही गोडी येते कुठून? अमेरिकेच्या कायद्याने राय व्हिस्कीत किमान 51 टक्के राय लागते, ती आतून जाळलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपातच मुरवावी लागते आणि ‘स्ट्रेट’ म्हणायला किमान 2 वर्षं झालेली असावी लागतात. पाइक्सव्हिल 6 वर्षं मुरते, पण राय मात्र कायद्यापुरतीच, 51 टक्के. बाकी 35 टक्के मका आणि 14 टक्के मोड आणलेली बार्ली. म्हणून बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची गोडसर अमेरिकन व्हिस्की, पिणाऱ्याला ही पटकन आवडेल. इंडियानातली 95 टक्के रायवाली व्हिस्की ज्यांनी प्यायली आहे, त्यांना तो पुदिना-शेपूसारखा हिरवा तिखटपणा इथे कमी वाटेल. मला नेमकं हेच संतुलन हवं होतं.

डिसेंबरात बाबा पुण्याहून आले होते. ते वर्षानुवर्षं सोडा घालूनच पितात. म्हटलं, ‘बाबा, आज सोडा नको, एक चमचा पाणी घालून बघा.’ त्यांनी बराच वेळ ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, ‘अरे, हा तर दिवाळीच्या फराळाच्या डब्याचा वास आहे.’ त्यानंतर मला तो वास दुसऱ्या कोणत्याच शब्दांत सांगता आलेला नाही. त्या रात्री चकली ठेवली होती, ती मात्र चुकली. तिखटाने व्हिस्कीतला मसाला झाकला गेला. खारे बदाम किंवा कडू चॉकलेटचा तुकडा चांगला लागतो.

बाटली निम्मी झाली तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, चव सगळ्यात भरात होती. आत शिरलेल्या हवेने धार उतरली होती आणि वास मोकळा झाला होता. एप्रिलपासून, तळाला पाव बाटली उरल्यावर, संत्र्याचा वास विरला आणि लाकूड पुढे आलं. ही चूक माझी. एक तृतीयांश उरली तेव्हाच लहान बाटलीत काढून ठेवायला हवी होती. बाटली उभीच ठेवा, कारण इतकं अल्कोहोल बुचाला लागून राहिलं तर बूच खराब होतं.

तळाची ती व्हिस्की मी मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये वापरली. 60 मिली राय, 30 मिली गोड व्हरमूथ (मसाले-वनस्पती घातलेली वाइन), अँगोस्तुरा या कडवट अर्काचे दोन शिंतोडे. 55 टक्क्यांचा खरा उपयोग इथे कळला. बर्फावर ढवळूनही रायची चव व्हरमूथखाली दबत नाही. अर्थात मॅनहॅटनसाठीच घ्यायची असेल तर याच कंपनीची रिटनहाउस घ्या. धान्यांचं प्रमाण हेच, 50 टक्के अल्कोहोल आणि किंमत बरीच कमी. पाइक्सव्हिल मी चमचाभर पाण्यासाठीच राखून ठेवीन.

एक गोष्ट शेवटच्या पेगाला लक्षात आली. रिकामा ग्लास रात्री न धुता ठेवला होता. सकाळी हुंगला, तर अल्कोहोल सगळं उडून गेलं होतं आणि आत उरली होती व्हॅनिला, धूर आणि सागवानी पेटी उघडल्यावर येते तसली कोरडी, जुनी लाकडाची ऊब. ग्लास दुपारपर्यंत तसाच ओट्यावर ठेवला.