युरोपची पहिली वारी: ग्रुप टूर की आपली आपण?

पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली हा पहिल्या वारीचा मार्ग बहुतेक घरांत ठरलेलाच असतो. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. टूर कंपनीकडे पैसे भरून मोकळं व्हायचं, की तिकिटं, हॉटेलं, रेल्वे सगळं आपलं आपण बघायचं? मी दोन्ही केलंय. आई-बाबांना घेऊन ग्रुप टूरने गेलो आणि नंतर बायको आणि मुलीबरोबर स्वतः आखून, रेल्वेने. मार्ग जवळजवळ तोच होता, म्हणून शेजारी शेजारी ठेवून बोलता येतं. खर्चाचा तक्ता मात्र देत नाही. विमानाचं तिकीट, ऋतू आणि युरोचा भाव यांवर तो इतका हलतो की आजचा आकडा तुम्ही निघेपर्यंत शिळा होईल. माझ्यापुरता दोन्हींतला फरक निर्णय फिरवण्याइतका नव्हता, एवढंच सांगतो.

आधी टूरच्या बाजूने, आणि मनापासून. आईला रोज रात्री गरम वरण-भात मिळाला. बाबांच्या गुडघ्यांना सामान उचलावं लागलं नाही. बॅग खोलीबाहेर ठेवली की बसच्या पोटात जायची. पासपोर्टच्या झेरॉक्सपासून विम्यापर्यंत कुठल्याही कागदाची काळजी आम्ही केली नाही. बसमध्ये नाशिकचं एक जोडपं भेटलं, त्यांच्याशी आई-बाबांचं अजून फोनवर बोलणं होतं. सत्तरीच्या पुढचे आई-वडील, चालण्याची अडचण, किंवा घरात कुणालाच आखणीची आवड नाही, अशी परिस्थिती असेल तर टूरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

व्हिसाचा बाऊ मात्र थोडा जास्तच केला जातो. शेंगेनचे (म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली सगळीकडे चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) नियम टूरवाल्यांना आणि आपल्याला सारखेच. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, हॉटेलांची बुकिंग, दिवसवार आखणी, बँकेची आणि आयकराची कागदं. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमचे सर्वाधिक दिवस जाणार आहेत. दिवस सारखेच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि ही मुदत खरोखर वापरावी, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. हॉटेलं मोफत रद्द करता येतील अशीच धरावीत. हे सगळं जमवायला मला काही निवांत संध्याकाळी लागल्या. लंडन जोडायचं मनात असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. पहिल्या वारीत ते टाळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला त्यात वेळ जाऊ शकतो. म्हणून विमान उतरण्याच्या वेळेला चिकटून रेल्वेचं तिकीट काढू नका. पहिली रात्र त्याच शहरात काढा.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती. संध्याकाळ.

जूनच्या शेवटी पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. स्वित्झर्लंडमध्ये साडेनऊच्या आसपास, रोममध्ये पावणेनऊ-नऊला. म्हणजे सहा वाजता, ऊन उतरायला लागल्यावर, अजून तीन-चार तास उजेड शिल्लक असतो. दिवसभराची गर्दी ओसरते, दगडी इमारती सोनेरी दिसायला लागतात, गावची माणसं घराबाहेर पडतात. मला विचाराल तर युरोप बघायची हीच वेळ आहे. आणि नेमक्या याच वेळी टूरची बस तुम्हाला तिथून उचलते.

आमचा क्रम असा असायचा. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. दिवसभर ठिकाणं. सहा-साडेसहाला सगळ्यांना मोजून बसमध्ये बसवायचं, भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवण, आणि साडेआठच्या आत शहराबाहेरचं हॉटेल. पॅरिसला आमचं हॉटेल हमरस्त्याला लागून होतं. खोली स्वच्छ, पाणी गरम, तक्रारीला जागा नाही. पण खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि समोर पेट्रोल पंप. बाबा म्हणाले, "अजून एवढा उजेड आहे, जरा पाय मोकळे करून येऊ." खाली उतरलो तर रस्त्याला फुटपाथच नव्हता. इतक्या लांब, आयुष्यभराची इच्छा म्हणून आलेली माणसं, आणि भर उजेडात पडदे ओढून झोपायचं. हे रोज घडत होतं आणि मला रोज लागत होतं.

यात टूर मॅनेजरचा दोष नाही, हे आवर्जून सांगायला हवं. युरोपियन युनियनमध्ये बसचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. दिवसाला साधारण ९ तास गाडी चालवायची, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, आणि रोज सलग ११ तास आराम. सकाळी आठला निघायचं तर रात्री नऊच्या आत बस उभी राहिलीच पाहिजे. चाळीस-पन्नास जणांची सोय आणि मोठ्या बसला पार्किंग असलेलं परवडणारं हॉटेल जुन्या शहराच्या गल्ल्यांत मिळणं कठीण. सगळं तर्काला धरून आहे. फक्त त्या तर्काची किंमत तुमच्या संध्याकाळींनी चुकवली जाते.

हे लक्षात ठेवून दुसऱ्या वेळी मी एकच नियम पाळला: मुक्काम असा हवा की जेवून चालत परत येता येईल. बाकी आखणी त्याच्याभोवती बसवली.

फ्लॉरेन्समधला टेकडीवरचा पियात्साले मिकेलान्जेलोचा चौक टूरमध्ये आम्ही भर दुपारी पाहिला होता. डोळे बारीक करून फोटो काढले आणि सावली शोधली. त्याच चौकात नंतर मुलीला घेऊन आठ वाजता चढून गेलो. पायऱ्यांवर बसायला जेमतेम जागा मिळाली. खाली आर्नो नदी, पोंते वेक्किओचा जुना पूल, आणि ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या कॅथेड्रलच्या घुमटाच्या लाल कौलांवर शेवटचं ऊन. ठिकाण तेच होतं, पण मला ते पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाटलं.

पॅरिसलाही तसंच. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो. जूनमध्ये अंधारच इतक्या उशिरा पडतो की टूरच्या वेळापत्रकात तो क्षण बसवायचा तर स्वतंत्र रात्रफेरी लागते. संग्रहालयांचंही गणित बदलतं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ऑर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. दिवसा बाहेर फिरून या दोन्ही जागा संध्याकाळी निवांत बघता येतात. (लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. वार आधी जुळवा, मग हॉटेल धरा.)

व्हेनिसचं तर विचारूच नका. टूरवाले मुख्य भूमीवर, मेस्त्रेच्या बाजूला उतरवतात आणि सकाळी बोटीने सॅन मार्कोच्या चौकाला नेतात, म्हणजे सगळ्या जगाबरोबर. एक रात्र जरी बेटावर राहता आलं तरी राहा.

दुसरा फरक हवामानाचा, आणि तो स्वित्झर्लंडमध्ये जाणवतो. टूरमध्ये युंगफ्राउयोखचा (डोंगरावरच्या रेल्वेने जायच्या बर्फाळ ठिकाणाचा) दिवस महिनोन्‌महिने आधी ठरलेला असतो. आमच्या वाट्याला आला तो ढगांचा दिवस. ३,४५४ मीटरवर पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून सगळ्यांनी एकमेकांचे फोटो काढले. आपली आपण गेल्यावर आम्ही खालच्या दरीतल्या लाउटरब्रुनेन गावात मुक्काम ठेवला, डोंगरावरचे थेट कॅमेरे रोज सकाळी फोनवर पाहिले आणि आभाळ मोकळं दिसलं त्या सकाळी निघालो. ढगाळ दिवशी जवळच्या म्युरेन गावाला गेलो, बोटीने फिरलो. संध्याकाळी खोलीसमोरून तीनेकशे मीटरचा श्टाउबबाख धबधबा दिसायचा.

तिथे स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा का, हा प्रश्न येतोच. रोज फिरणार असाल तर बहुधा फायद्याचा: रेल्वे, बस, बोटी सगळं त्यात येतं आणि आई-वडिलांबरोबर असलेली १६ वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर फुकट. पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर तो फक्त २५ टक्के सवलत देतो, पूर्ण तिकीट नाही. एकाच गावात बसून डोंगर बघणार असाल तर सुटी तिकिटं जोडून बघा.

रेल्वेबद्दल लोकांना वाटते तेवढी धास्ती घेण्याचं कारण मला दिसलं नाही. पॅरिस ते झ्युरिक साधारण चार तास, झ्युरिक ते मिलान साडेतीनच्या आत, वाटेत ५७ किलोमीटरचा गोथार्डचा बोगदा. पॅरिस ते मध्य स्वित्झर्लंड या सुमारे ६०० किलोमीटरला बसचा अख्खा दिवस जातो, आणि तोही बराचसा महामार्गावर. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात. युरेलच्या (बऱ्याच देशांत चालणाऱ्या) रेल्वे पासवर फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे पास घेण्याआधी ध्यानात ठेवा.

रेल्वेचा त्रास आहे तो सामानाचा. हमाल नाहीत, काही स्टेशनांवर जिने आहेत, आणि डब्यात बॅग आपणच चढवायची. पॅरिसच्या मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्मचा नंबर सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी फळ्यावर येतो. तेव्हा धावायची वेळ येऊ नये म्हणून माणशी एकच मध्यम बॅग. इटलीत आणि फ्रान्समध्ये संप होतात, त्यांच्या तारखा बहुतेक वेळा आधी जाहीर होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी विमानतळाच्याच शहरात असलेलं चांगलं. पॅरिस, रोमच्या मेट्रोत खिसेकापूंपासून सावध राहायला हवं. पासपोर्ट आतल्या पिशवीत. यातलं काहीही टूरमध्ये तुमच्या डोक्याला नसतं, हे कबूल.

जेवणाचा मुद्दा शाकाहारी घरांत मोठा असतो. आम्ही स्वयंपाकघर असलेली घरं घेतली. स्वित्झर्लंडमध्ये कोऑप आणि मिग्रोस या सुपरमार्केटांत तांदूळ, दही, भाज्या, फळं सगळं मिळतं. मेतकूट, लोणचं आणि ठेपले घरून नेले. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, स्टेशनांतली उघडी असतात, म्हणून शनिवारीच खरेदी. इटलीत शाकाहार सोपा. मात्र कडक पाळणाऱ्यांनी एक माहीत असू द्यावं: पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून करतात, आणि ते पास्त्यावर न विचारता किसून येतं. आधी सांगितलं तर घालत नाहीत. रोजचं तयार, गरम, ओळखीचं जेवण मात्र टूरमध्येच. आई आमच्याबरोबर दुसऱ्यांदा असती तर या एका कारणासाठी तिने टूरला मत दिलं असतं.

मग काय ठरवावं? चाळिशी-पन्नाशीतलं जोडपं, किंवा जरा मोठी मुलं असलेलं घर, आणि फोनवर नकाशा वाचता येतो, एवढं असेल तर मी आपली आपण जा म्हणेन. पाच-सहा देशांचा हट्ट सोडा. पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं एक गाव आणि फ्लॉरेन्स किंवा रोम, प्रत्येकी तीन-चार रात्री. मे किंवा सप्टेंबर मिळाला तर गर्दी आणि भाव दोन्ही थोडे हलके पडतात. सप्टेंबरमध्ये दिवस लहान होतो, पण सातला उजेड असतोच. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील आणि ती रोज थोडं चालू शकत असतील, तर स्टेशनजवळ लिफ्ट असलेलं घर घेऊन दोनच मुक्काम करा. तेही जमण्यासारखं आहे असं मला वाटतं. आमच्या बाबांना तसं नेण्याचं डोक्यात आहे.

आणि टूरच घ्यायची ठरली असेल, तर पैसे भरण्याआधी हॉटेलांची नावं मागून घ्या. "अथवा तत्सम" असं लिहिलं असेल तर मागच्या महिन्यातल्या ग्रुपला कुठे उतरवलं होतं ते विचारा. ती नावं नकाशावर टाका आणि जवळचं मेट्रो स्टेशन चालत किती लांब आहे ते बघा. रात्रीचं जेवण किती वाजता, आणि एखाद्या दिवशी जेवण सोडून शहरातच थांबलो तर चालेल का, हेही लेखी विचारा. आम्हाला शेवटच्या दिवशी रोममध्ये तशी परवानगी मिळाली होती. आई-बाबा, मी आणि नाशिकचं ते जोडपं त्रेवीच्या कारंज्यापाशी साडेनऊपर्यंत थांबलो आणि टॅक्सी करून हॉटेलवर गेलो.