मुलीसाठी एअर रायफल घेताना आम्ही कसे फसलो

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेव्हा माझी मुलगी टीव्हीसमोर उभी राहून शेवटचे शॉट बघत होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत नोकरी, 451.4 गुण. आम्ही कराडच्या बाजूचे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून जवळ. 1952 नंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, हे तिच्या शाळेत दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. घरी येऊन ती म्हणाली, "आई, मला नेमबाजी शिकायचीय."

मी शिवणकाम करते. तिचे वडील मालवाहू टेम्पो चालवतात. रायफल आणि किटमध्ये आमचे एकूण 2,23,000 रुपये गेले, त्यातले आजवर 40,000 परत आलेत. क्लबचं आणि सरांचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण जे झालं ते तारखांसकट माझ्या वहीत आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीबरोबर होऊ नये म्हणून लिहिते आहे.

दसऱ्याला तिचं नाव घातलं. एका दुकानाच्या वरचा लांबट हॉल, आठ लेन, महिन्याला 2,500 रुपये. पहिले दोन महिने मला क्लब फार आवडला, हे खरं सांगायला हवं. सर शिस्तीचे होते. वेपन हातात घेतलं की नळी कायम टार्गेटच्या दिशेला. शॉट मारत नसताना नळीत नारंगी सेफ्टी दोरी घातलेली हवी. "स्टॉप" म्हटलं की हात खाली. तेरा वर्षांच्या पोरी एकमेकींना या गोष्टींची आठवण करून देताना मी पाहिल्यात. ओपन साईटवर, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरून, सुरुवात केली, मग पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून. घरी भिंतीवर कागदी टार्गेट लावून रोज अर्धा तास ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न घालता सराव. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरची. मी सुईत दोरा ओवणारी बाई, मला त्या ठिपक्याचं मोल लगेच कळलं.

विश्वास असा बसला. पुढचं सगळं त्या विश्वासावर उभं राहिलं.

क्लबमध्ये पालकांनी रेंजवर थांबायचं नाही असा नियम होता. ग्रुपवर फक्त सरांनाच लिहिता यायचं. पालकांनी आपसात नंबर घेतलेले सरांना चालत नसत. "मुलांचं कॉन्सन्ट्रेशन जातं" म्हणायचे. दुसऱ्या रेंजवर एक दिवस जरी कुणी गेलं तर सर त्या मुलाशी आठवडाभर बोलत नसत. सराव सुरू करताना सगळी मुलं त्यांच्या पाया पडत. आपल्याकडे गुरूच्या पाया पडण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नाही. पण ज्याच्या पाया रोज आपलं लेकरू पडतं, त्याच्याकडे पावती मागायला जीभ उचलत नाही.

जानेवारीत सर म्हणाले, "ताई, पोरीचा हात चांगलाय. क्लबच्या वेपनवर ती अडकून पडेल. स्वतःचं वेपन घ्या." नवीन परदेशी रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात जाते, पण त्यांच्या ओळखीच्या एका नॅशनल शूटरची जर्मन बनावटीची, तीन वर्षं वापरलेली रायफल 1,85,000 ला मिळत होती. सोबत जॅकेट, पँट, बूट असं वापरलेलं किट 38,000 ला. "दोन पार्ट्या मागे लागल्यात. परवापर्यंत सांगा."

परवापर्यंत आम्ही सांगितलं. माझ्या पाटल्या मोडल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं. 70,000 यूपीआयने गेले, तेही सरांच्या पत्नीच्या खात्यावर, आणि बाकीचे रोख. रायफल घेण्याआधी मुलीने तिच्यावर एकही शॉट मारला नव्हता. हे कुणीही करू नका. चांगली मॅच रायफल टेबलावर टेकवून दहा मीटरवरून मारली तर पाच पेलेट जवळजवळ एकाच भोकातून जातात. तो कागद हातात घेऊन बघायचा, मग पैशांचं बोलायचं. रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो असते, आणि माझ्या मुलीचं स्वतःचं वजन तेव्हा 38 किलो होतं. खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाला टेकणारा चीक पीस तिच्या मापाला येतात का, हेसुद्धा आम्ही विचारलं नाही. "वाढेल की ती," असं सर म्हणाले.

बिल मागितलं तेव्हाचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "एअर वेपनला लायसन्स लागत नाही ताई, मग कागद कशाला?" यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो गळी उतरला. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 बोअरच्या (म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या) आणि 20 जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर गनला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरच्या मॅच रायफली त्याच्या बऱ्याच खाली असतात. पण परवाना आणि मालकीचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकललासुद्धा लायसन्स लागत नाही, तरी आपण दुकानदाराकडून बिल घेतो. परदेशातून आलेल्या रायफलचं मूळ बिल कुणाच्या तरी नावावर असतंच, त्यावर सीरियल नंबर असतो, आणि तोच नंबर रायफलवर कोरलेला असतो. दोन्ही जुळवून पाहायला एक मिनिट पुरतं.

जॅकेटचं मला जास्त लागतं, कारण तिथे मला कळलं होतं. नेमबाजीचं जॅकेट जाड कापडाचं आणि चामड्याचं असतं, शरीराला आधार देतं. घरी आणल्यावर मी सवयीने ते उलटं करून पाहिलं. काखेखालची एक लांब शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. मूळ दोरा जाड आणि मेण लावलेला, नवा दोरा साधा आणि टाके मोठे. बोटांनी चाचपलं तर अस्तराच्या आत आणखी एक कडक थर लागला. कॉलर ताठ राहावी म्हणून मी तीस वर्षं कॉलरीत बकरम घालते आहे. आत बकरम आहे हे मला हाताला कळलं. पण वाटलं, नेमबाजीच्या जॅकेटला घालत असतील, सरांना माहीत असेल. मी शिवण पुन्हा सपाट करून ठेवून दिली.

मधल्या काळात सरांनी मुलांना परराज्यात एका "नॅशनल"ला नेलं. प्रवास धरून प्रत्येकी 9,000 रुपये. आठ मुलं गेली, आठही पदकं घेऊन आली. गावात बॅनर लागला. ती स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं नाव लांबलचक होतं आणि त्यात "फेडरेशन", "इंडिया", "गेम्स" हे सगळे शब्द होते. पुढे जिल्हा क्रीडा कार्यालयात ते प्रमाणपत्र दाखवलं तेव्हा तिथल्या बाईंनी एक नजर टाकून परत दिलं. सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण असो की दहावीचे सवलतीचे गुण, मान्यता नसलेल्या संघटनेच्या कागदाला तिथे किंमत नाही. आपल्या देशात या खेळाची राष्ट्रीय संघटना एकच, नॅशनल रायफल असोसिएशन. 1951 ची, पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्याच नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आहे. मुलगा किंवा मुलगी खरंच त्या वाटेवर असेल तर त्या संघटनेचा शूटर आयडी, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो. सरांनी "रजिस्ट्रेशन"चे 3,500 घेतले होते. आयडी कधी काढलाच नव्हता. माझी मुलगी अधिकृत स्पर्धेचा विषय काढायची तेव्हा ते म्हणायचे, "अजून तयार नाहीस."

शेवटी क्लब सोडून गेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी आम्हाला फॉर्म भरायला मदत केली आणि आम्ही सरांना न सांगता पुण्याला स्पर्धेला गेलो.

स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोल असतो, हे मला तिथे गेल्यावर समजलं. एका टेबलावर वजनकाटा, जाडी मोजायचं यंत्र, कापड किती वाकतं ते बघायचं यंत्र. जॅकेटचं कापड एकेरी 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि यंत्राच्या वजनाखाली ते निदान 3 मिलिमीटर दबलं पाहिजे. कारण उघड आहे: कापडच ताठ उभं राहिलं तर नेमबाजाच्या अंगाची स्थिरता कुणी तपासायची? आमचं जॅकेट पाठीला पास झालं आणि काखेखाली यंत्राचा काटा पुढे गेला. तपासणाऱ्या काकांनी पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "यात काही घातलंय का?" माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत प्रश्न होता आणि मला उत्तर माहीत होतं. त्या क्षणाचं दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

मग त्यांनी रायफलचं सिलिंडर हातात घेतलं. नळीखाली बसणारी ही लहान टाकी, तिच्यात 200 बार दाबाची हवा असते. आपल्या मोटारसायकलच्या चाकात दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. सिलिंडरवर क्लबचं नाव छापलेला निळा स्टिकर होता. आम्हाला तो शोभेचा वाटायचा. काकांनी तो नखाने सोलला. खाली धातूवर महिना आणि वर्ष कोरलेलं होतं. 2009. जर्मन कंपन्या या सिलिंडरांना तयार झाल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही नियमाप्रमाणे नेमबाजाची जबाबदारी. "बाई," ते म्हणाले, "हे पोरीच्या गालापासून वीतभर अंतरावर असतं. हे यापुढे भरू नका." सहा महिने माझी मुलगी ते आठवड्यातून दोनदा भरून घेत होती. आजही रात्री ते आठवलं की माझी झोप जाते.

स्पर्धा तिथेच संपली असती. पण शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी बाईंनी चौकशी केली, आपल्या मुलीचं त्याच कंपनीचं जादा सिलिंडर काढून दिलं आणि म्हणाल्या, "जॅकेट नसलं तरी मारता येतं, तसा नियम आहे. मार गं." ती टी-शर्टवर उभी राहिली आणि 60 शॉट पूर्ण केले. पहिल्या वीसानंतर हात कापताना मला मागून दिसत होते. तरी ती लेन सोडून आली नाही. त्या बाईंचा क्लब कुठला, त्यांचं आमचं काय नातं? या खेळातले बहुतेक लोक असेच आहेत, हे मी मुद्दाम लिहिते.

घरी येताना एसटीत तिने विचारलं, "आई, तुला जॅकेटचं माहीत होतं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले असते तर सरांच्यात आणि माझ्यात फरक राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी तिनेच शाळेतल्या मॅडमच्या मदतीने सीरियल नंबर लिहून जर्मनीतल्या कंपनीला मेल केला. चार दिवसांत उत्तर आलं: रायफलही 2009 चीच. तीन वर्षं वापरलेली म्हणून आम्हाला सोळा वर्षांची विकली होती. सरांना फोन केला. आधी म्हणाले, सिलिंडर बदलून देतो. मग म्हणाले, "तुम्ही मला न विचारता स्पर्धेला गेलात, आता माझी जबाबदारी नाही." शेवटी म्हणाले, "पैसे दिल्याचा पुरावा काय?" पुरावा होता तो फक्त 70,000 च्या यूपीआयचा, आणि "वेपनचे बाकीचे पोचले का सर?" या माझ्या मेसेजवर त्यांनी पाठवलेल्या अंगठ्याच्या चित्राचा. वकील म्हणाले, तो अंगठा जपून ठेवा.

मग आम्ही नियम मोडला आणि पालकांनी एकमेकांना फोन केले. आणखी चार घरी रायफली होत्या. चारही सिलिंडरांवर निळे स्टिकर. तिघांच्या खाली मुदत संपलेली तारीख, चौथ्यावर तारीख घासून काढलेली. आम्ही पाच जणांनी पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. त्यानंतर आठवड्याने सरांकडून प्रत्येकाला 40,000 आले, सोबत "प्रकरण मिटलं" असं लिहून सही करायचा कागद. दोघांनी सही केली, त्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत, त्यांना मी बोल लावत नाही. आम्ही तिघांनी केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. ज्यांना वाटतं की आता काय उपयोग, त्यांनी आधी तारीख मोजावी.

मुलगी आता दुसऱ्या रेंजवर जाते, एकतर्फी दीड तास. तिथे क्लबचंच वेपन वापरते. पहिल्या दिवशी तिथल्या कोचनी सांगितलं की वर्षभर काही विकत घेऊ नका, आणि पालकांना मागच्या बाकावर बसायला जागा दाखवली. जॅकेट मी उसवलं. आतून दोन्ही बाजूंनी बकरमच्या पट्ट्या निघाल्या, त्या पाकिटात घालून तक्रारीला जोडल्यात. जॅकेट मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवलं आणि नव्या रेंजवर मोजून घेतलं. आता ते नियमात बसतं आणि ती ते घालते.

गेल्या आठवड्यात सांगलीकडच्या एका पालकाने, कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन, एका रायफलचा फोटो पाठवला. किंमत 1,70,000, "तीन वर्षं वापरलेली, दोन पार्ट्या तयार आहेत, परवापर्यंत सांगा." क्लबचं नाव वेगळं होतं, गावही वेगळं. फोटो मोठा करून पाहिला. सिलिंडरवर निळा स्टिकर होता. मी त्यांना लगेच फोन लावला आणि म्हटलं, दादा, पैसे देऊ नका, आत्ता तिथे असाल तर तो स्टिकर नखाने काढा आणि खाली काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.